बादलीवाल्या गिटारिस्टचा धडा, गावातल्या खोलीत

तोंडावर कोरा पांढरा मुखवटा, डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली, ताडमाड उंची आणि मंचावर तोंडातून एक शब्द नाही. कॅलिफोर्नियाच्या या ब्रायन कॅरोलला जग ‘बकेटहेड’ म्हणून ओळखतं. जन्म १९६९ चा. २००० ते २००४ तो ‘गन्स अँड रोझेस’ या रॉक बँडमध्ये होता, आणि त्याचं नाव निघालं की लोक तेवढंच सांगतात. मला त्याची दुसरीच गोष्ट कामाची वाटते. २०११ पासून तो ‘पाइक’ नावाने छोटे अल्बम काढतो आहे. बहुतेक अर्ध्या तासाच्या आसपासचे, आणि गाणारा जवळजवळ कुठेच नाही. एकट्या २०१५ मध्ये त्याने असे ११८ काढले, म्हणजे दर तीन दिवसांना एक. मालिका तीनशेच्या कितीतरी पुढे गेली आहे.

त्यातले सगळे काही भारी नाहीत. काही तर नुसते रियाझ रेकॉर्ड केल्यासारखे वाटतात. पण पद्धत पाहा: एक कल्पना घ्यायची, अर्धा तास तिचा पिच्छा पुरवायचा, बंद करायचं, पुढची घ्यायची. ही पद्धत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कुठल्याही गावात, एका खोलीत चालते. मुंबईचा स्टुडिओ लागत नाही. बादली तर मुळीच लागत नाही. सोंगं घेणारे आपल्या दंडारीत आणि खडी गंमतीत भरपूर आहेत.

खालचं सगळं अशा माणसासाठी आहे ज्याच्याकडे साधी इलेक्ट्रिक गिटार आहे, चार कॉर्ड येतात, आणि फिल्मी गाण्यांच्या पलीकडे काहीतरी करावंसं वाटतं.

आधी कान

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे स्वर त्यात येतच नाहीत. वायरवाले इअरफोन घ्या. बकेटहेडची दोन टोकं आधी ऐका. एक, १९९८ चा ‘कोल्मा’. आई आजारी होती, तिला ऐकता यावं म्हणून केलेला, त्यामुळे संथ आणि मोकळा. दुसरं, कुठलाही जड, आदळआपट करणारा ‘पाइक’. दोन्ही ऐकताना स्वर कुठे सुरू होतो याकडे लक्ष देऊ नका, तो कुठे तुटतो ते ऐका. जड वाजवताना मधेच आवाजाचे सुरीने केल्यासारखे तुकडे पडतात. ते बोटांचं काम नाही, बटणाचं आहे. त्याच्यावर पुढे सविस्तर येतोच.

आणि विक्षिप्तपणाच्या खाली तालीम आहे हेही ऐका. हा माणूस पॉल गिल्बर्टसारख्या काटेकोर वादकाकडे शिकलेला आहे. नुसता वेडेपणा अर्ध्या तासात उघडा पडतो.

मग थोडं बाजूला जा. इंग्लंडच्या कीथ रोने साठच्या दशकात गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि वस्तूंनी वाजवली. फ्रेड फ्रिथने १९७४ मध्ये एकट्या गिटारचा अल्बम केला, त्यात गिटार ओळखू येत नाही अशा जागा आहेत. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढली. विश्वमोहन भट्टांनी तिला जादा तारा लावून मोहनवीणा केली, आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. म्हणजे गिटार आडवी पाडण्यात आपण कोणाच्या मागे नव्हतो.

शेवटी वरातीतला धुमाल ऐका. गाडीवर ऑक्टोपॅड, ढोल, कीबोर्ड आणि बेंजो. तो बेंजो म्हणजे पिकअप लावलेला बुलबुलतरंग, आणि भोंग्यातून तो फाटतो तेव्हा निघणारा आवाज हा चोख डिस्टॉर्शन आहे. गावात ‘शब्दांशिवाय काय गाणं’ असं कोणी म्हणालंच तर सांगा, अर्धी रात्र तुम्ही बिनशब्दांच्याच गाण्यावर नाचता.

लाईट, अर्थिंग आणि कूलर

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. कूलरचा पत्रा, त्यात पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात, हे विदर्भात कोणाला नव्याने सांगायला नको. आता त्यात गिटार आणा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. एक हात तारांवर आणि दुसऱ्या हाताचं कोपर करंट उतरलेल्या कूलरच्या पत्र्याला लागलं, तर करंट छातीतून जातो.

म्हणून गिटार लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि खोलीच्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला असला तरी उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा उपयोग उरत नाही. त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. खोलीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा खटका, बसवून घ्या. अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घुसवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती गिटारसाठी चालणार नाही. कूलर हाताच्या अंतरावर नको, आणि पाणी भरायचं ते प्लग काढून. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक, ते नेहमीचं आहे. मुंग्या आल्या तर लगेच बंद.

हे सगळं होईपर्यंत वाजवणं थांबवायची गरज नाही. चार्जर काढलेला लॅपटॉप, गिटार मोबाईलला जोडायचा छोटा इंटरफेस किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हेडफोन अॅम्प वापरा. बोर्डाशी संबंधच नाही. रात्री लाईट गेल्यावरही वाजवता येतं, आणि शेजारच्या काकूंची झोपही मोडत नाही.

गिटारच्या तब्येतीबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत गळ्याचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचायला लागतात. जुलैत ओल शिरली की गळा पुढे वाकतो आणि तारा उंच होतात. पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असली तर उत्तम. जास्त असली तर ट्रस रॉड, म्हणजे गळ्यातली सळई, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. गिटार कूलरच्या झोतात किंवा टिनाच्या छपराला लागून कधीही टांगू नका.

बटण: किल स्विच घरी करणे

बकेटहेडच्या नावाच्या पांढऱ्या लेस पॉल गिटारवर दोन लाल बटणं आहेत, व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतात तशी. दाबलं की आवाज बंद, सोडलं की चालू. बस एवढंच. पण लांब धरलेल्या एका स्वराचे त्याने भराभर तुकडे केले की गिटार माणसाच्या हातातली वाटत नाही.

तुमच्या गिटारवर दोन पिकअपना दोन वेगळे व्हॉल्यूम असले तर काहीच करायला नको. एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, दुसरा पूर्ण, आणि पिकअपचा खटका भराभर इकडे-तिकडे करा. स्ट्रॅटसारख्या गिटारवर व्हॉल्यूम एकच असतो, तिथे बटण लागतं. गिटारला भोक पाडायची घाई नको. बाहेरची डबी करा.

सामान तालुक्याच्या बाजारात मिळतं. एक छोटा पत्र्याचा डबा, पत्र्याचाच, कारण प्लास्टिकमधून गुणगुण आत शिरते. दोन मोठे मोनो सॉकेट. साउंडवाल्याकडे ‘पी-३८’चे सॉकेट मागा. वीतभर वायर. आणि बटण म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा बेल पुश, दाराच्या घंटीचा. आत दिवा असलेला घेऊ नका. दाबल्यावर जुळणारा आणि सोडल्यावर तुटणारा हवा; दुकानातच मल्टिमीटर लावून बघा, दाबल्यावरच बीप यायला पाहिजे. बेल पुशची स्प्रिंग जरा जड असते. हात बसला की मग ऑनलाइन आर्केड बटण मागवा, त्यात बोट थकत नाही.

जोडणी अशी करा:

१. डब्याला समोरासमोर दोन भोकं पाडून सॉकेट बसवा. एकात गिटार येईल, दुसऱ्यातून अॅम्पकडे वायर जाईल.

२. दोन्ही सॉकेटच्या टोकाच्या पट्ट्या, म्हणजे जॅकच्या टोकाला लागणाऱ्या, एका वायरने जोडा. दोन्हीच्या बाहेरच्या कड्या दुसऱ्या वायरने जोडा. इथपर्यंत ही नुसती लांबवलेली वायर झाली. लावून बघा, आवाज आला पाहिजे.

३. बेल पुशचं एक टोक पहिल्या वायरला, दुसरं दुसऱ्या वायरला. सोल्डरिंगचा डाग पक्का द्या. जमत नसेल तर धुमालवाल्यांचे मिक्सर दुरुस्त करणारा गावात कोणीतरी असतोच, त्याच्याकडे हे पाच मिनिटांचं काम आहे.

४. पहिल्या वायरचा कुठलाही उघडा भाग पत्र्याला लागत नाही ना ते बघा, आतून टेप मारा. नाहीतर आवाज कायमचाच बंद.

या डबीचा घरातल्या लाईनशी काही म्हणजे काही संबंध येता कामा नये.

वायर तोडण्याऐवजी का जोडायची, असं कोणी तरी विचारेलच. बटण वायर तोडणारं असतं तर तुटलेलं टोक अँटिनासारखं हवेतली गुणगुण पकडून अॅम्पमध्ये ओततं. टोक आणि कडी जोडली की सिग्नल जागच्या जागी जमिनीला जातो आणि खरी शांतता मिळते. या वाजवण्यात शांतता हाच अर्धा मसाला आहे.

डबी गिटार ते अॅम्पच्या साखळीत कुठे ठेवता त्यावरही बरंच अवलंबून आहे. गिटारनंतर लगेच, डिलेच्या (पडसाद उठवणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवली तर तुम्ही स्वर तोडता पण त्याचे पडसाद चालू राहतात आणि फटी भरून निघतात. डिलेच्या नंतर ठेवली तर सगळंच तुटतं, कोरडं आणि क्रूर. मला पहिली जागा जास्त आवडते, दुसरी दहा मिनिटांत कानाला बोचायला लागते.

आता हात. डाव्या हाताने तार जोरात दाबून स्वर उमटवा, म्हणजे उजवा हात बटणासाठी मोकळा. डबी मांडीवर पट्टीने बांधा. ताल मनात केरवा: धा गे ना ति न क धि न. मेट्रोनोम (ठोके देणारं अॅप) ८० वर, एका ठोक्यात दोन मात्रा. धा, ति आणि धि या तीनच मात्रांना बटण सोडा, बाकी पाच मात्रा दाबून धरा. तोंडाने बोल म्हणत करा, नुसतं मोजून हात चालत नाही. तीन-तीन-दोन असा झोल तयार होतो. खंजिरी भजन ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच सापडतो. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या वाटेवरच्या गावांत तर शाळकरी पोरंही तो हाताने वाजवतात. तो पक्का झाला की सोडायच्या मात्रा बदला, मग वेग वाढवा. १२० वर एका ठोक्यात चार तुकडे, म्हणजे तुकडा १२५ मिलिसेकंदांचा, जमले की बकेटहेडच्या आवाजाची ओळख पटायला लागते.

गुणगुणीलाच सा करा

गावातली लाईट, स्वस्त चार्जर, चौकोनी लाट देणारा इन्व्हर्टर आणि सिंगल कॉइल पिकअप, एवढं जमलं की अॅम्प भुंग्यासारखा गुणगुणतो. ती कमी करायचे उपाय आहेत: खुर्ची फिरवत राहा, एका दिशेला ती सगळ्यात कमी होते, पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, दोन कॉइलच्या हंबकर पिकअपची गिटार घ्या. पण ती पूर्ण जात नाही. मग तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा तिच्यावरच सूर लावा.

आपल्या लाईनची वारंवारता ५० हर्ट्झ. गुणगुणीत ५०, १००, १५०, २०० आणि २५० असे स्वर एकाच वेळी असतात. १०० ला सा धरा. १५० होतो चोख पंचम. २०० वरचा सा. आणि २५० म्हणजे तानपुऱ्यात ऐकू येतो तो स्वयंभू गंधार. जीव लावून ऐकलं तर भिंतीतल्या बोर्डात एक तानपुरा चोवीस तास वाजतो आहे. निदान लाईट असेपर्यंत.

गिटार त्याच्याशी जुळवायची तर नेहमीच्या पट्टीपेक्षा थोडी चढी लागते. पांढरी पाच, म्हणजे जी, साधारण ९८ हर्ट्झवर असते. ती १०० वर न्यायची. ट्यूनरच्या अॅपमध्ये ‘ए’ची वारंवारता ४४० च्या जागी ४४९ करा, बाकी हिशोब तो आपोआप करतो. मग जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत असं लावा: डी, जी, डी, जी, बी, डी. सहावी, पाचवी आणि पहिली तार नेहमीपेक्षा खाली येतात, त्यामुळे पट्टी चढवूनही तारा तुटत नाहीत. दुसरी तार शेवटी ट्यूनर बाजूला ठेवून कानाने लावा, गुणगुणीतल्या गंधाराशी मिळेपर्यंत किंचित उतरवत. ट्यूनर सांगतो त्याहून ती थोडी खालीच बसते.

आता तिसरी तार सा झाली. तिच्यावर बसंत मुखारी रागाचे स्वर घ्या: फ्रेट ०, १, ४, ५, ७, ८, १०, १२. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी, सा. मेटल वाजवणारे हेच स्वर दुसऱ्या नावाने रोज वापरतात, म्हणून डिस्टॉर्शन लावल्यावर ते परके वाटत नाहीत. पहिल्या तारेवर तेच स्वर पंचमापासून मिळतात: ०, १, ३, ५, ६, ९, १०, १२. सोपं काही हवं असेल तर तिसऱ्या तारेवर राग धानी: ०, ३, ५, ७, १०, १२. पाचवी मोकळी तार अधूनमधून छेडत राहा, ती गुणगुणीत विरघळून जाते.

जनरेटरवर हा खेळ जमत नाही. लोड वाढला की त्याची वारंवारता हलते आणि सा घसरतो.

बोटं आणि वस्तू

दोन्ही हातांचं टॅपिंग लांबलचक शिकवणारे व्हिडिओ खूप आहेत, मी एकच धडा देतो. तिसऱ्या तारेवर डावा हात १ आणि ४ वर. उजव्या हाताचं मधलं बोट १२ वर आपटा, ओढून सोडा, ४, मग १, मग मोकळी. पुढच्या फेरीत आपटायचं बोट १० वर, मग ८, मग ७. डावा हात जागचा हलत नाही, फक्त वरचा स्वर खाली उतरतो. संथ करा. चारही स्वर एकाच ताकदीचे यायला हवेत. मोकळ्या तारा गाजत असतील तर नटजवळ, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ, कापडाची चिंधी बांधा. बकेटहेड लांबलांब उड्या मारतो, सरळ चढत-उतरत बसत नाही. तुम्हीही तीन फेऱ्यांनंतर एक स्वर मुद्दाम वगळा.

वस्तूंचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. गिटार खाटेवर आडवी टाका. पिकअप चुंबकावर चालतो, त्याला फक्त लोखंडी-पोलादी तारेचं हलणं कळतं, लाकडाचा किंवा पितळेचा आवाज नाही. त्यामुळे वस्तू स्वतः वाजत नाही, ती तारेचं वागणं बदलते.

सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ब्रिजजवळ तारांच्या वर-खाली विणा. स्वर डफड्यासारखा ठोक होतो, लगेच मरतो. बांबूची कमची बाराव्या फ्रेटवर तारांच्या खाली सारली की तारेचे बरोबर दोन भाग होतात. थोडी सरकवली की दोन्ही बाजूंना वेगळे सूर, आणि नटकडची बाजू दूरच्या घंटीसारखी अंधुक येते. स्टीलची वाटी स्लाइड म्हणून चालते, फक्त पिकअपला चिकटू देऊ नका. यात्रेत मिळणाऱ्या बॅटरीवरच्या हातपंख्याचं मऊ पातं तारांना हलकं लावलं तर अखंड थरथर निघते.

आणि एक युक्ती जी पाहून लोक हमखास विचारतात. मोबाईलवर काहीतरी लावा आणि त्याचा स्पीकर पिकअपला टेकवा. स्पीकरमधल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पिकअप पकडतो आणि तो आवाज तुमच्या डिस्टॉर्शनमधून, डिलेमधून, किल स्विचमधून जातो. म्हणजे मोबाईलवर रेकॉर्ड केलेला कापसाच्या जिनिंगचा आवाज गिटार होऊन बाहेर पडतो.

त्यासाठी आवाज गोळा करा. जिनिंग-प्रेसिंग, थ्रेशर, टिनावरचा पाऊस, पोळ्याच्या बैलांच्या घुंगरमाळा, झडत्यांचा गलका. जिनिंगवाल्याला विचारून जा, आणि यंत्राजवळ जाताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. मोबाईलवर वाऱ्याची फडफड टाळायला माईकवर कापसाचा पातळ थर आणि वर मलमल. कापूस तर घरचाच आहे.

थर लावणे

इंग्लंडच्या रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनोने दोन टेप मशीनमधून एकच फीत फिरवून गिटारचे थर एकावर एक चढवले, त्यांचा अल्बम १९७३ मध्ये आला. आता ते काम लूपरचं पेडल किंवा मोबाईलचं अॅप करतं. नवखा माणूस दोन मिनिटांत आठ थर लावतो आणि चिखल करतो. तीन पुरेत: एक खालचा, सहसा गुणगुण आणि पाचवी तार, एक ठोका, ट्यूबची पट्टी लावून, एक रिकामा राहू शकेल असा, ज्यात जास्त शांतता आहे. चौथं जे काय ते हाताने, लूपच्या बाहेर.

डिलेची वेळ तालाशी जुळवा. ६०,००० ला मेट्रोनोमच्या आकड्याने भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १०० वर ६०० होतात. त्याच्या पाऊणपट, म्हणजे ४५०, लावून बघा. एक स्वर वाजवला तरी दोन माणसं वाजवत असल्यासारखं होतं.

रेकॉर्डिंग

गिटार थेट इंटरफेसमध्ये, तिथून मोबाईल किंवा लॅपटॉप. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र नीट होत नाही. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका, आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि बोटं गोंधळतात. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर लाईट जाण्याआधी दर थोड्या वेळाने सेव्ह करणं आलंच.

कूलर बंद करून रेकॉर्ड करायचं तर पहाटे. चार ते सहा हवा उतरलेली असते, पंपही बहुतेक शांत. थेट वायरने घेत असाल तर कूलरच्या आवाजाचा प्रश्न येत नाही, पण मोटर पिकअपमध्ये शिरते. तेव्हा एक तर लांब बसा किंवा तिलाही सा माना.

महिन्याला अर्ध्या तासाचं एक काम, अशी बोली स्वतःशी लावा. बकेटहेडचा वेग आपला नाही. त्याला पेरणी, फवारणी आणि वेचणी नाही. पहिला आठवडा एकच बंधन ठरवा: उदाहरणार्थ फक्त तिसरी तार, किंवा फक्त जिनिंगचा आवाज आणि बटण. दुसऱ्या आठवड्यात रोज वाजवून रेकॉर्ड करत जा, ऐकू नका. तिसऱ्यात सगळं एकदम ऐका आणि निष्ठुरपणे कापा. तीन तासांतून तीस मिनिटं निघाली तरी खूप. चौथ्यात जोडा, नाव आणि तारीख द्या, इंटरनेटवर टाका आणि त्याला पुन्हा हात लावू नका. दुरुस्त करावंसं वाटेल ते पुढच्या महिन्याच्या कामात करा.

लोकांपुढे

गणपती मंडळात आरतीच्या आधीची दहा मिनिटं मागा, त्याहून जास्त नको. झाडीपट्टीकडे असाल तर दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम चालतो आणि वादक मंचासमोरच बसतात. त्यांच्याशी ओळख ठेवा. रात्रभर जागून प्रसंगाला साथ करणाऱ्या माणसाला सुचेल तसं वाजवणं काय असतं ते शिकवावं लागत नाही. एखाद्या ढोलकीवाल्याबरोबर बसलात तर तुमचं बटण आणि त्याची थाप यांची सवाल-जबाब लावा, लोक तिथेच गोळा होतात.

पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारणारच, ‘बा, गाणं कवा सुरू होते?’ उत्तर देत बसू नका. त्या वेळी ओळखीची एखादी भजनाची चाल चार ओळी स्वच्छ वाजवा, मग तीच चाल बटणाने तोडायला लागा. आधी माहीत असलेली गोष्ट मोडताना ऐकायला लोकांना मजा येते; आधीच मोडलेली कोणालाच ऐकू येत नाही.

साउंडवाल्याला आधी भेटा. त्याच्या मिक्सरवर गिटार थेट लावायला सांगा, बास अर्ध्यावर, ट्रेबल त्याहून कमी, कारण भोंग्यातून गिटारचा वरचा आवाज काचेसारखा टोचतो. एको त्याच्याकडे बंद ठेवायला सांगा, डिले तुमच्याकडे आहे. तुमची वायर मिक्सरला लावताना त्याने मास्टर खाली केला आहे का ते डोळ्यांनी बघा. आणि मंडपातल्या बोर्डात घातलेल्या प्लगची तिसरी पिन जागेवर आहे की कापलेली, हे वाजवायला बसण्याआधी प्लग काढून स्वतः पाहा; बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.